आगर

टेबलावर चष्मा चालत नाही, असं पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाला.
काचेत पत्ते उमटतात म्हणे.
खरं कारण लविटाने सांगितलं: फोटोत बरं दिसत नाही.
मी लेन्स घेतल्या. महिन्याच्या होत्या,
तिसरा महिना चालला होता.

रात्री नऊ ते पहाटे पाच.
मांडवीत नांगरलेली बोट कुठेच जात नाही,
आतलं गार वारं मात्र थांबत नाही.
खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही.
पत्ते वाटताना पापणी मिटायची राहून जाते,
कधीपासून, ते आठवत नाही.

तीनच्या सुमाराला डोळ्यात रेती.
चोळायचं नाही.
उठायचं तर आधी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून
छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे,
काही लपवलेलं नाही,
मग बेसिन.
लेन्स काढली, नळाखाली धरली, परत घातली.
औषधाचं पाणी पंधरा तारखेला संपलं होतं
आणि पगार एकतीसला.

गुरुवारी दिव्यांना काटे फुटले.
शुक्रवारी किनाऱ्यावर सोडणाऱ्या होडीत
उजेड असा लागला की मी ओढणीत तोंड घातलं,
नावाडी म्हणाला, हरलीस का गो?

बांबोळीला डॉक्टर कुलासोनी
पापणीखाली कागदाची पट्टी टेकवली,
निळा दिवा लावला.
माझा डोळा हिरवा झाला.
म्हणाल्या, उघडा ठेव, मिटू नको. आणि मोजू लागल्या.
दहा तरी टिकायला हवं होतं.
या बऱ्या डोळ्यात तीनला फाटलं.
दुसऱ्यात, बुबुळावर, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

अश्रू रडायला नसतात नुसते, बाय, धुवायला असतात.
तुझ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.
त्या कोरड्यावर लेन्स घासते,
ओरखडा उठतो,
नळात जे जिवंत असतं ते आत शिरून राहतं.

त्या अजून सांगत होत्या.
मी मीठ ऐकलं आणि आगरवाड्याला पोचले.

पप्पा मानस उघडून भरती आत घेतात,
एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
पाणी पातळ होत जातं, जड होत जातं.
मार्चात शेवटच्या वाफ्यावर साय धरते.
तेव्हा आम्हा पोरांना बांधावरच उभं करायचे.
एक टाच रुतली की खालचा चिखल वर येतो,
सगळा वाफा काळा.
मी एकदा उतरले होते. सहा वर्षांची.
त्यांनी मारलं नाही,
त्या वर्षीचं मीठ कोणी घेतलं नाही एवढंच.

दर तासाला थेंब. रात्रीसुद्धा.
पप्पा आले, रायबंदरच्या खोलीत खाली चटई टाकली.
गजर लावायला त्यांना येत नाही, लागतही नाही,
आयुष्यभर भरती-ओहोटीला उठलेत.
आधी साबण, तीनदा.
मिठाने चिरलेली बोटं, साबण झोंबत असणार,
काही बोलत नाहीत.
मग दिव्याखाली दोन्ही तळवे धरतात,
उलटे, सुलटे,
स्वतःशीच,
आणि माझी पापणी उचलतात.

मला हसू आलं. का ते त्यांना सांगितलं नाही.

ठिपका गेला, धूर राहिला.
डाव्या कोपऱ्यात कायमचा, विडीच्या धुरासारखा.
आता कॅश काउंटरला बसते, चष्मा लावून,
काचेपलीकडे. फोटो तिथे कोणी काढत नाही.
लविटाला रोज विचारते, पापणी लवते ना गो तुझी?
ती म्हणते, वेडी.
पण लवते.

खोली सोडताना आरशाखाली एक लेन्स सापडली,
सुकलेली, माशाच्या खवलीसारखी.
चिमटीत धरली, तर
टचकन मोडली.